मिक्सर काही केल्या बिघडेना

मिक्सर काही केल्या बिघडत नव्हता, आणि गुरुवार तर तोंडावर आला होता.

तिने तो आधी रिकामाच फिरवून पाहिला. मग पाणी घालून. मग बर्फ घालून. शेवटी झाकण न लावताच फिरवला, तेव्हा ओटा, भिंत, कॅलेंडर आणि तिचा चष्मा यांना आंघोळ घडली. पण मिक्सर आपला खर्जात गुणगुणत राहिला. जेवणाच्या टेबलाखाली बसलेल्या तिच्या दोन वर्षांच्या लेकीला हा खेळ फारच आवडला.

"आई, पुन्ना!" ती टाळ्या पिटत म्हणाली.

या लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणत. एरवी भिंगरीच्या हाताला लागलेली वस्तू धड राहत नसे. रिमोटची पाठ, चपलेचा पट्टा, बाबांच्या चष्म्याची काडी, काही म्हणजे काही तिच्या तावडीतून सुटलं नव्हतं. आज मात्र आईने मिक्सरचं भांडं स्वतःहून तिच्या हातात दिलं, तर तिने ते छातीशी धरलं, हळूच चालत गेली आणि कपाटात जागच्या जागी ठेवून आली. मुलांना शहाणपण सुचतं ते नेमकं अशाच वेळी.

खरं तर वस्तू मोडणं या बाईच्या स्वभावातच नव्हतं. अर्धा जिना उतरून गॅस बंद केलाय ना, हे बघायला पुन्हा वर येणाऱ्यांतली ती. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना तिने फोमचे तुकडे चिकटवले होते. द्राक्षं ती उभी चिरून लेकीला द्यायची. लेक शांत झोपली, की श्वास चालू आहे ना म्हणून तिच्या नाकाशी बोट धरायची, आणि त्या बोटाने ती शांत झोप तिथेच संपायची. अशा बाईवर धडधाकट मिक्सर मोडायची पाळी आली होती, ती तिच्या प्रबंधामुळे.

ती विद्यापीठात संशोधन करत होती. लोकांचं काहीतरी भलं करावं म्हणून निघालेले, पण देणग्यांच्या कुबड्या न घेता स्वतःच्या कमाईवर चालणारे उद्योग मुळात जन्माला कसे येतात, आणि आले तरी त्यातले थोडेच का टिकतात, हा तिचा विषय. प्रबंधात याला 'सामाजिक उद्योग' असं भारदस्त नाव होतं. सासूबाई शेजारणींना सांगताना म्हणत, "आमची सून दुरुस्तीच्या दुकानात बसून लिहिते."

ते दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. सगळे ज्यांना काकी म्हणत त्या बाईंनी एका रिकाम्या गॅरेजात ते काढलं होतं. कारखाना बंद पडल्यावर घरी बसलेल्या बायका आणि निवृत्तीनंतर घरच्यांच्या पायात पायात येणारे म्हातारे यांना त्यांनी हाताशी धरलं आणि हातात पाने-पक्कड दिली. लोकांनी बिघडलेली वस्तू फेकण्याऐवजी इथे आणायची, वाजवी पैशात दुरुस्त करून न्यायची, आणि हौस असेल त्याने रविवारी येऊन स्वतःच शिकायचं. भिंतीवर काकींनी रंगाने लिहून ठेवलं होतं: 'दया आणू नका. मोडकी वस्तू आणा.' आपली संशोधक तिथे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची आणि प्रश्न विचारायची. हे का सुरू करावंसं वाटलं? अडचण आली तेव्हा आधी कोणाकडे गेलात? आता हे जमलं, असं कधी वाटलं? तिने इतके प्रश्न विचारले, की दुकानात तिचं नावच प्रश्नबाई पडलं. आपणही तिला तेच म्हणू या.

तिचे मार्गदर्शक सर म्हणजे या विषयातले मोठे अभ्यासक. त्यांचा एक नियम होता, आणि तो ते येता-जाता ऐकवत. "आपण निरीक्षक. पाण्यात तेल राहतं तसं राहायचं. आत असायचं, मिसळायचं नाही. ढवळलंत की अभ्यास बाद!" प्रश्नबाईने तो नियम इतका मनावर घेतला होता, की दुकानातल्या चहाचा कपसुद्धा ती स्वतः विसळत नसे, न जाणो, तेवढ्यानेही कामाच्या वाटणीत ढवळाढवळ व्हायची.

सर येत्या गुरुवारी दुकान बघायला येणार होते. "नमुना जिवंत आहे का ते एकदा डोळ्यांनी बघतो," ते म्हणाले होते. "नसेल तर दुसरा शोधू." दुसरा नमुना म्हणजे पहिल्या पानापासून सुरुवात. मुदतवाढ तर भिंगरीच्या जन्मातच खर्ची पडली होती. भिंगरी शाळेत जायच्या आत आपली शाळा संपवायची, असं प्रश्नबाईने मनाशी पक्कं केलं होतं. आणि प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचं नाव होतं, 'वाढती मागणी: यशाचा पाया'.

अशात सोमवारी ती दुकानात पोचली, तर बाकं लख्ख पुसलेली, हत्यारं खिळ्यांना टांगलेली. काकी स्वेटर विणत बसल्या होत्या. पंखे दुरुस्त करण्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, ते पंखेवाले आजोबा खुर्चीत डुलक्या काढत होते.

"आज सुट्टी का हो, काकी?"

"सुट्टी कसली! काम नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे झालं सगळं दुरुस्त. आपण केलेली वस्तू परत येत नाही, आणि बारीकसारीक लोक आता घरीच करतात. आपणच शिकवलं ना." काकींनी सुई काढून गालाला लावली. त्यांच्या चेहऱ्यावर पंगत उठल्यावरचं समाधान होतं. "तुम्ही सारखं विचारायचात ना, जमलं असं कधी वाटलं? लिहून घ्या. आज वाटलं."

प्रश्नबाईने रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली. "गुरुवारपर्यंत येईल का काही?"

"काय येणार? का, गुरुवारी काय आहे?"

"आमचे सर येणारेत. दुकान बघायला."

"येऊ देत की. चहा टाकू."

"तसं नाही, काकी. त्यांना दुकान चालताना बघायचंय. नाही दिसलं तर माझं..." तिने वाक्य गिळलं. तेलाने पाण्यासमोर रडायचं नसतं. "काही नाही. येते मी."

काकींनी विणणं थांबवून तिच्याकडे निरखून पाहिलं.

म्हणून मंगळवारी सकाळी मिक्सर. प्रश्नबाईने रात्रभर मनाशी वाद घालून एक पळवाट शोधली होती. ती निरीक्षक होती हे खरं, पण या वस्तीत राहतही होती. वस्तीत राहणाऱ्या माणसाचा मिक्सर बिघडू शकतो. एकच वस्तू. बाकावर निदान एक वस्तू तरी दिसेल. पण मिक्सर गेल्या वर्षी याच दुकानात दुरुस्त झालेला होता, आणि तिथून आलेली वस्तू बिघडत नसे, हीच तर सगळी पंचाईत होती.

"सूनबाई! अगं भिंतीवरून पाणी का गळतंय?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. लपवण्यात अर्थ नव्हता. चष्म्यावरूनही पाणी गळत होतं. प्रश्नबाईने सगळं सांगून टाकलं. सर, तेल, पाणी, तिसरं प्रकरण. इतकी वर्षं प्रबंधाचं नाव काढलं की सासूबाईंना डुलकी लागायची. आज मात्र त्या स्टूल ओढून बसल्या.

"म्हणजे काहीतरी बिघडलेलं हवंय, एवढंच ना?"

"एवढंच."

"मग त्या मिक्सरच्या कशाला नादी लागलीस? तो आपल्या दुकानातून आलाय, तो काय बिघडतोय! माझी इस्त्री घे."

"अहो आई, ती चांगली आहे!"

"होती," म्हणत सासूबाईंनी ओट्यावरची कात्री उचलली आणि कचकन वायर कापली.

"प्लग काढला होता ना?"

"काढलाय गं बाई, काढलाय. तू पण ना!"

"पण एवढी एकच हं, आई. आणि कोणापाशी बोलू नका."

"मी कशाला कोणापाशी बोलतेय?" असं म्हणून सासूबाई जिन्यात गेल्या, त्या चांगल्या तासाभराने परत आल्या.

संध्याकाळी नवरा घरी आला. हातपाय धुऊन त्याने सवयीने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर नुसता खिळा.

"आई, घड्याळ कुठंय?"

"दुरुस्तीला द्यायचंय."

"काय झालं त्याला?"

"होईल काहीतरी," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. बायको लेकीच्या पायातला नसलेला काटा शोधत होती.

बुधवारी प्रश्नबाई इस्त्री पिशवीत घालून दुकानाच्या गल्लीत वळली आणि जागच्या जागी थबकली. रांग गॅरेजातून निघून पायरी उतरली होती, कोपऱ्यावरच्या खांबाला वळसा घालून पुढे गेली होती. माणसांच्या हातात पंखे होते, टोस्टर होते, टेबलावरचे दिवे होते. एका गृहस्थांनी व्हॅक्यूम क्लीनर लहान मुलासारखा खांद्यावर घेतला होता. सगळ्यांचे चेहरे एखाद्या चांगल्या कामाला निघाल्यासारखे प्रसन्न. तिला पाहिल्याबरोबर तिच्याच इमारतीतल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी एक डोळा मिटला.

"काही काळजी करू नकोस गं," त्या कुजबुजल्या. मावशींची कुजबूज खांबापर्यंत ऐकू जायची. "आज टोस्टर आणलाय. उद्या घड्याळ आणते."

"मावशी, नको हो!"

"असू दे, असू दे. भिंगरीच्या आईसाठी एवढंही नको का करायला?"

आत तर गोंधळच होता. पंखेवाले आजोबा एक टेबलफॅन उलटासुलटा करून बघत होते. "हे काय बरं? पात्यांत चमचा बांधलाय. दोऱ्याने. वर गाठही सुरगाठ, सोडायला सोपी जावी म्हणून."

"वारा जास्त येत होता," पंख्याचे मालक म्हणाले.

"आणि ही तिसरी इस्त्री. वायर कात्रीने कापलेली. उंदीर कुरतडतो तेव्हा असं सरळ कापत नाही." आजोबांनी चष्मा कपाळावर ढकलला. "काकी, मी सांगतो, हे बिघडलेलं नाही. बिघडवलंय! कोणीतरी आपल्या वाइटावर आहे."

प्रश्नबाईने पिशवीतली इस्त्री पाठीमागे लपवली. आता काकी विचारणार, लोक तिच्याकडे बोट दाखवणार, आणि भिंतीवरची ती ओळ... दया आणू नका! ती वाचायची हिंमत तिला होईना. पण काकी आजोबांवरच खेकसल्या, "वाइटावर कोण असणार? गप्प राहा आणि जोडा. हात चालवा, तोंड नको." एवढं बोलून त्या वळल्या. प्रश्नबाईशी नजरानजर होताच दोघींनीही घाईघाईने दुसरीकडे पाहिलं.

'चिडल्यात,' प्रश्नबाईला वाटलं. 'कळलंय त्यांना.'

ती स्टुलावर बसून रांगेकडे बघत राहिली, आणि तिला एक गोष्ट उमजेना. मावशी, खालच्या मजल्यावरचे शिंपी, समोरच्या बाई, ही माणसं सासूबाईंच्या जिन्यातली. पण व्हॅक्यूम क्लीनरवाले गृहस्थ? ती चौघं भावंडं, एकाच केटलीला चार ठिकाणी धरून आलेली? बाजारापलीकडची पाववाली? सासूबाईंचा आवाज खणखणीत होता हे कबूल, पण बाजार ओलांडण्याएवढा नव्हता.

घरी आल्यावर तिने सासूबाईंना विचारलं, तर त्या दुखावल्या. "मी फक्त आपल्या जिन्यात सांगितलं हो! आणि तेही, कोणाला सांगू नका असं सांगून."

गुरुवारी सर आले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात जाड चामडी बॅग. रांग ओलांडून आत यायलाच त्यांना बराच वेळ लागला. कारण प्रत्येकजण म्हणत होता, "ओ, लायनीत या. काय मोडलंय तुमचं?"

"माझं काही मोडलेलं नाही," सर म्हणाले.

"मग कशाला आलात?" रांगेतल्या पाववालीने खऱ्या आश्चर्याने विचारलं.

आत आल्यावर सरांनी चारी बाजूंना पाहिलं. प्रत्येक बाकावर दोन-दोन डोकी वाकलेली, सोल्डरिंगचा धूर, कुठे टकटक, कुठे घरघर, कुठे एकदम "चालू झालं!" असा आरडाओरडा. सासूबाईही भिंगरीला कडेवर घेऊन आल्या होत्या. घरी राहा म्हटलं तर ऐकतील तर शपथ. सरांच्या भुवया वर गेल्या. प्रश्नबाईने तीन वर्षांत त्या इतक्या वर गेलेल्या पाहिल्या नव्हत्या.

"उत्तम," सर हळूच म्हणाले. "फार उत्तम. मी इथे भिंतीशी उभा राहतो. कोणाला माझं अस्तित्व जाणवता कामा नये."

ते भिंतीशी उभे राहिले. नेमके पंखेवाल्या आजोबांच्या उजव्या हाताला.

"उभेच आहात तर ही बॅटरी धरा जरा," आजोबा वर न बघता म्हणाले.

"माफ करा, मी निरीक्षक आहे."

"मग धराच. नीट दिसेल."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बॅटरी घेतली. थोड्या वेळाने सर म्हणाले, "तो डावीकडचा स्क्रू सैल वाटतो." मग म्हणाले, "असा नाही, असा." मग त्यांनी बॅग खाली ठेवली, बाह्या वर केल्या आणि पंख्याची जाळी दोन्ही गुडघ्यांत धरून ते खाली बसले. नाकाला ग्रीस लागलं. तेल पाण्यात असं काही मिसळत होतं, की आता त्यात फक्त साबण घालायचा बाकी होता. प्रश्नबाईला वाटलं, आता निभावलं. जिवाला इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. तिने पिशवीतली इस्त्री बाहेर काढून रांगेत द्यायचंही धाडस केलं.

आणि तेवढ्यात मावशींचा नंबर आला.

मावशींनी आणलेलं गजराचं घड्याळ आजोबांनी कानाला लावलं. हलवून पाहिलं. पुन्हा कानाला लावलं.

"हे चालू आहे."

"छे!"

"टिकटिक करतंय की. वेळही बरोबर दाखवतंय."

मावशींनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, घाईत मोडायचं राहूनच गेलं! थांबा हं." आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी बाकावरची हातोडी उचलून घड्याळाला एक सणसणीत ठेवून दिली. काच उडाली, एक स्प्रिंग उसळून सरांच्या शर्टाच्या खिशात गेली आणि गजर वाजायला लागला. "हां. आता घ्या."

बाकांवरचे सगळे हात थांबले. गजर तेवढा वाजत होता.

"मोडायचं राहिलं?" सर जाळीतून डोकं बाहेर काढत म्हणाले. "म्हणजे तुम्ही हे मुद्दाम मोडता?"

"मग काय! आपोआप मोडायची वाट बघत बसले असते तर हिच्या अभ्यासाचं काय झालं असतं?" मावशींनी कौतुकाने प्रश्नबाईच्या खांद्यावर हात ठेवला. "हिच्या सासूनेच सांगितलं."

प्रश्नबाईला जमीन फाटावी असं वाटलं. भिंगरीला घेऊन सासूबाई एका फ्रिजच्या आड सरकल्या.

"सासू कुठली?" मागून व्हॅक्यूम क्लीनरवाले म्हणाले. ते आज टेपरेकॉर्डर घेऊन आले होते. "आम्हाला तर काकींच्या भावजयीने सांगितलं. म्हणाली, काकींचा निरोप आहे, गुरुवारपर्यंत जमेल ते मोडून आणा."

"आम्हालाही काकींचाच निरोप होता," केटलीवालं एक भावंड म्हणालं.

सगळी डोकी काकींकडे वळली. प्रश्नबाईचंही.

"काकी, तुम्ही?"

काकींनी हातातला पाना खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या जरा चाचरल्या. "मग काय करणार? सोमवारी तुमचा चेहरा बघवेना. एवढीशी झाली होतात. तीन वर्षं तुम्ही कोपऱ्यात बसून आम्हाला बघताय. आम्ही काय डोळे मिटून बसलोय? म्हटलं, दोन-चार वस्तू आल्या म्हणजे झालं. ही एवढी जत्रा येईल असं मला तरी कुठं वाटलं होतं!"

"आणि मला वाटलं, तुम्ही माझ्यावर चिडलात."

"मी तुमच्यावर? मला वाटलं, तुम्हाला कळलं आणि तुम्ही चिडलात. ते तेल-पाणी की काय ते..."

"पण काकी," प्रश्नबाईने घाबरत भिंतीकडे बोट केलं, "तुम्हीच लिहिलंय ना, दया आणू नका?"

"दुकानावर नको असं लिहिलंय," काकी ठसक्यात म्हणाल्या. "तुमच्यावर करू नका, असं कुठं लिहिलंय?"

पंखेवाले आजोबा मात्र खरोखर दुखावले गेले होते. "म्हणजे सगळ्यांना माहीत होतं आणि मी एकटाच कालपासून गुन्हेगार शोधतोय?"

आता सर काय म्हणतात याकडे सगळ्यांचं लक्ष लागलं. सर सावकाश उठले. खिशातली स्प्रिंग काढून त्यांनी बाकावर ठेवली. पेनासाठी हात घातला, तर पेन नव्हतं. ते मघाशीच लंपास होऊन फ्रिजआडच्या भिंगरीच्या हातात गेलं होतं, आणि त्याचे चार भाग झाले होते. कालपरवापर्यंत आवरून धरलेलं सगळं तिने एका पेनावर काढलं होतं.

"सर," प्रश्नबाई पुढे येऊन म्हणाली, "चूक माझी आहे. मी ढवळलं. सोमवारी इथे एकही वस्तू नव्हती. सगळं दुरुस्त झालं होतं. माझा नमुना..."

"एकही नव्हती?"

"एकही नाही."

सरांनी मावशींकडे पाहिलं. "बाई, घड्याळ तुमचं स्वतःचं होतं?"

"मग? लग्नात मिळालेलं."

"आणि तुम्ही ते या दुकानासाठी हातोडीने फोडलंत."

"जोडून देतील की!" मावशी म्हणाल्या. जणू यात विचारण्यासारखं काय आहे. "इथे दिलेलं कधी परत मोडलंय का?"

सरांनी घड्याळाच्या काचेचा एक तुकडा उचलून पाहिला. मग त्यांनी नाकावरचं ग्रीस पुसायचा प्रयत्न केला आणि ते गालावर पसरवलं. "मी पुष्कळ उद्योग पाहिले," ते प्रश्नबाईला म्हणाले. "मागणी वाढलेले पाहिले, घटलेले पाहिले. पण गिऱ्हाईकांनी दुकानासाठी आपल्या घरातल्या वस्तू फोडून आणलेल्या मी कुठेच पाहिल्या नाहीत. तुमच्या प्रश्नावलीत हा प्रश्न आहे?"

"कोणता, सर?"

"'हे दुकान राहावं म्हणून तुम्ही काय मोडाल?'"

"नाही, सर."

"मग घाला. तिसऱ्या प्रकरणाचं नाव बदला. सोमवारी बाकं रिकामी होती तेही लिहा, सासूबाईंचं लिहा, काकींच्या भावजयीचं लिहा. सगळं जसंच्या तसं."

"म्हणजे नमुना..."

"इतका जिवंत नमुना, की निरीक्षकाला जाळी धरायला लावतो. दुसरा कशाला शोधायचा?" सर जरा थांबले. आवाज खाली आणून म्हणाले, "बॅटरीचं मात्र तळटिपेत टाका. नाव न घेता."

"आणि पंखा?" पंखेवाले आजोबा ओरडले. "अर्धा राहिलाय! या इकडे!"

सर गेले. दुकान बंद होईपर्यंत ते जाळी धरून बसले होते, आणि जाताना पुढच्या रविवारच्या शिकवणीला नाव नोंदवून गेले. फ्रिजआडून बाहेर आलेल्या सासूबाई त्या दिवसापासून शेजारणींना सांगू लागल्या, "आमच्या सुनेच्या प्रबंधात माझं एक प्रकरण आहे."

एकंदरीत सगळं गोड झालं. फक्त काकींचा एक बेत लांबला. आता या वस्तीतलं काम संपलंच आहे, तर पुढच्या आठवड्यात पुलापलीकडे दुसरं दुकान उघडायचं, असं त्यांनी सोमवारीच ठरवलं होतं. ते ऐकायला प्रश्नबाई थांबली असती तर! आता छतापर्यंत इस्त्र्या आणि पंखे रचलेले होते, आणि ते उपसेपर्यंत पूल दूरच होता.

पुढच्या सोमवारी सकाळी प्रश्नबाई लेकीसाठी दुधात केळं फिरवत होती. ओटा पुसलेला, झाकण नीट लावलेलं, प्रबंधाच्या नव्या तिसऱ्या प्रकरणाची पहिली दोन पानं टेबलावर, आणि तिच्या मनात कसलीही काळजी नाही. मिक्सरने एक खोल सुस्कारा टाकला, वास सोडला आणि तो बंद पडला. तिने बटण पुन्हा दाबलं. प्लग काढून लावला. काही नाही.

ती मिक्सर कडेवर आणि भिंगरीला हाताला धरून दुकानात पोचली. काकींनी ढिगाऱ्याआडून मान वर केली, मिक्सरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

"पुरे आता, प्रश्नबाई. सर गेले."

"अहो काकी, हा खरंच बिघडलाय!"

"आठवडाभर सगळे असंच म्हणत होते."

"पण याचा वास बघा ना!"

"वाससुद्धा छान जमवलाय," पंखेवाले आजोबा आतून दाद देत म्हणाले. "घरी न्या. आपल्या दुकानातून गेलेला मिक्सर बिघडत नसतो."